तांबोळी बाईंच्या चिठ्ठ्या

माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरायच्या आत हे लिहून टाकायचं आहे. राग उतरला की माणूस समजूतदार होतो, आणि समजूतदार माणसं काय काय खपवून घेतात ते मी आमच्या शाळेत रोज बघते.

शाळा कात्रजच्या अलीकडे. मी तिथे मराठी शिकवते, आठवी ब माझा वर्ग. रझिया तांबोळी इतिहास शिकवतात. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी आहेत आणि डबा आम्ही एकत्र खातो. बाई भवानी पेठेतल्या. वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं, आजोबांचंही तेच. तरी दरवर्षी कोणीतरी नवा पालक येतो आणि म्हणतो, “बाई, मराठी किती छान बोलता हो! मूळच्या कुठल्या?”

“भवानी पेठ,” बाई सांगतात.

“नाही, पण मूळच्या?”

“मूळची भवानी पेठ. मधली काही वर्षं नाना पेठेत काढली, तेवढंच स्थलांतर.”

पालक हसतो, बाई हसत नाहीत. मी मात्र आतून उकळत असते. बाई म्हणतात, “तुम्ही कशाला रक्त आटवता, शैलाताई? अथेन्समध्ये असते तर परकी म्हणून मला करही जास्त द्यावा लागला असता.”

अथेन्स त्यांच्या बोलण्यात असं कुठूनही येतं. शाळेने आठवीला जगाच्या इतिहासाचा एक जादा तास ठेवला आहे, माहितीपत्रकात छापायला बरा दिसतो म्हणून. दुसऱ्या कोणी असतं तर फळ्यावर मधोमध रेघ मारली असती, डावीकडे अथेन्स, उजवीकडे स्पार्टा, इकडे लोकशाही, तिकडे लष्करशाही, आणि पोरांनी उतरवून घेतलं असतं. बाई रेघ मारत नाहीत. त्या स्टीलच्या दोन डब्यांत चिठ्ठ्या घालून आणतात. अर्धा वर्ग अथेन्स, अर्धा स्पार्टा, आणि ज्याला जी चिठ्ठी निघेल ते तो आठवडाभर. चिठ्ठ्यांचं प्रमाण खरं असतं, म्हणजे जमेल तितकं. अथेन्सच्या डब्यात नागरिक थोडे. बाकी बायका, ज्यांना सभेत बोलता येत नाही. मग बाहेरून येऊन राहिलेले, जे व्यापार करतात, कर भरतात, लढाईलाही जातात, पण मत देऊ शकत नाहीत, कारण आई आणि बाप दोघंही अथेन्सचेच असावे लागतात. आणि मग गुलाम. स्पार्टाच्या डब्यात खरे स्पार्टन इतकेच की एका बाकावर मावतील. दोन राजे आणि त्यांच्या चुका काढणारे अधिकारीही त्यांच्यातलेच. उरलेला जवळजवळ सगळा डबा हेलोटांचा, म्हणजे स्पार्टनांची शेतं कसणाऱ्या, त्यांना धान्य पुरवणाऱ्या, बांधून ठेवलेल्या लोकांचा. या हेलोटांविरुद्ध स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे मग त्यांना मारलं तरी पाप लागायचं नाही. हे बाई सांगतात तेव्हा वर्गात चुळबुळही होत नाही.

आठवडाभर अथेन्स हात वर करून ठरवतं आणि स्पार्टा ओरडून ठरवतं. ज्या बाजूचा आरडाओरडा मोठा ती जिंकली, तिथे खरोखर तसंच चालायचं. त्या आठवड्यात शेजारच्या वर्गातले गणिताचे सर रोज ऑफिसात जाऊन तक्रार करतात. आणि शनिवारी बाई प्रत्येक मुलाला एकच विचारतात, “तुझ्या शहरात पाणी कोण भरत होतं?”

नियमही एकच. निघालेली चिठ्ठी बदलून मिळत नाही.

या वर्षी अथेन्सच्या नागरिकाची एक चिठ्ठी सोनूला निघाली. सोनू सरकारी कोट्यातून आलेली, आरटीईची. तिचे वडील रंगराव मी राहते त्या सोसायटीत वॉचमन होते, आई मुक्ताई तिथल्याच घरांत धुणीभांडी करायची. वाशीमकडची माणसं. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत तिघं राहायची. सोनू वर्गात हुशार वगैरे नाही, मध्यम आहे, पण चांगली चिवट आहे. शिवाय ती काही गरीब गाय नाही, हे मी तिची वर्गशिक्षिका म्हणून सांगू शकते. नागरिक झाल्याबरोबर तिने सभेत उठून ठराव मांडला की नागरिकांनी पंख्याखाली बसावं आणि त्यांच्या पाण्याच्या बाटल्या दुसऱ्यांनी भरून आणाव्यात. हात वर झाले. ठराव मंजूर. मग स्पार्टाने अथेन्सचं बघून तोच ठराव ओरडून मंजूर केला, आणि जाता जाता अथेन्सशी तह करून असंही ठरवून टाकलं की स्पार्टाचे हेलोट अथेन्सच्याही बाटल्या भरतील. मुलंच ती.

सोनूची बाटली भरायची पाळी आली सलिलवर. सलिलला हेलोटाची चिठ्ठी निघाली होती.

सलिलचे वडील सुदर्शनराव आमच्या पालक संघाचे अध्यक्ष. त्यांची अकॅडमी आहे. खडकवासल्याला संरक्षण प्रबोधिनीत जायचं स्वप्न बघणाऱ्या मुलांना ते पहाटे टेकडीवर पळवतात. अकॅडमीच्या पाटीवर तुरेवालं शिरस्त्राण घातलेला ग्रीक योद्धा आहे आणि भाषणात दर दोन वाक्यांनी स्पार्टा. घरी गेल्यावर सलिलने सांगितलं असणार की आज मी वॉचमनच्या पोरीला पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ ऑफिसात हजर.

त्यांच्याबरोबर अस्मिता आली होती. अस्मिता आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, आयटीत बड्या हुद्द्यावर. तिची मुलगी नम्रता आमच्या शाळेची वादविवादातली हुकमी ढाल. नम्रताला निघाली होती अथेन्सच्या बाईची चिठ्ठी, म्हणजे आठवडाभर तोंड बंद.

मुख्याध्यापिकांनी तांबोळी बाईंना आणि वर्गशिक्षिका म्हणून मला बोलावून घेतलं.

“माझा मुलगा गुलाम?” सुदर्शनराव म्हणाले. “अहो, स्पार्टा म्हणजे शिस्त! त्याग! आम्ही पोरांना स्पार्टन करायला रक्ताचं पाणी करतो, आणि तुम्ही त्याला कुणाच्या बाटल्या भरायला लावता?”

“स्पार्टन थोडेच होते, साहेब,” बाई म्हणाल्या. “ते दिवसभर कसरत करायचे, कारण त्यांची शेतं दुसरं कुणी कसत होतं. ते दुसरं कुणी सलिल आहे. शनिवारपर्यंतच.”

“मॅम, आय ॲम ऑल फॉर डेमोक्रसी,” अस्मिता म्हणाली. “अथेन्स इज ब्यूटिफुल. डिबेट, फिलॉसॉफी, ऑल दॅट. पण नम्रतासारख्या मुलीला बोलूच द्यायचं नाही, धिस इज सो रिग्रेसिव्ह! तिच्या कॉन्फिडन्सचं काय?”

“अथेन्सच्या बायकांच्या कॉन्फिडन्सचं काय, तोच तर धडा आहे,” बाई म्हणाल्या. “स्पार्टात तिला निदान जमीन नावावर करून घेता आली असती, पोरांबरोबर शर्यतीत पळता आलं असतं. दोन्ही शहरांची तुलना करायची तर हे करावंच लागतं.”

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं.

ही दोन शहरं एकमेकांशी पिढ्यानपिढ्या लढली. एकाला दुसरं डोळ्यासमोर नको होतं. आमच्या ऑफिसात दोघांचा समेट चहा यायच्या आत झाला. सुदर्शनरावांना स्पार्टा हवं होतं, अस्मिताला अथेन्स हवं होतं, आणि दोघांनाही आपापलं पोर वरच्या बाकावर हवं होतं. मग खाली कोण, हा प्रश्न उरला. तो मुख्याध्यापिकांनी सोडवला.

“पालक मेळाव्यात हेच नाटक म्हणून करू या ना,” त्या म्हणाल्या. “छान पोशाख वगैरे. फक्त भूमिका आपण ठरवून देऊ. नागरिक, स्पार्टन यांना स्टेज प्रेझेन्स असलेली मुलं घेऊ. आणि गुलाम, हेलोट वगैरे... आरटीईची आहेत की आपल्याकडे. त्यांना देऊ. त्यांचे पालक काही तक्रार करत नाहीत.”

हे वाक्य त्या इतक्या साध्या आवाजात बोलल्या की मला ते कळायलाच क्षणभर वेळ लागला. आरटीईची मुलं आपल्या शाळेत बसतात ती कायद्याने, उपकाराने नाही, हे मी तिथेच ठणकावून सांगितलं. माझा आवाज चढला. अस्मिता म्हणाली, “शैलाताई, लेट्स नॉट गेट इमोशनल.” कुणी मला असं म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, ती गेली.

तांबोळी बाई अजिबात चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. “सोनूला नागरिकाची चिठ्ठी निघाली आहे,” एवढंच म्हणाल्या. “ती मी काढून घेणार नाही.”

“तुम्ही घेऊ नका,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “नाटक नाचाच्या बाई बसवतील.”

आणि तसंच झालं. शनिवारचा शेवटचा तास झालाच नाही. पाणी कोण भरत होतं हे या वर्षी कुणालाच विचारलं गेलं नाही. जगाच्या इतिहासाचा तास बाईंकडून काढून त्यांना ग्रंथालयाच्या पाळीवर बसवलं. नाचाच्या बाईंनी सलिलला लाल झगा दिला, नम्रताला सभेतलं भाषण दिलं आणि सोनूला पोतं दिलं. बारदानाचं पोतं, गळ्याला आणि हातांना भोकं पाडलेलं, आणि डोक्यावर रिकामा माठ. सोनूने विचारलं होतं, “बाई, या वेळी चिठ्ठ्या नाहीत?” नाचाच्या बाई म्हणाल्या, “तुझं ठरलंय गं आधीच.” हे सोनूनेच मला मधल्या सुट्टीत येऊन सांगितलं. रडत नव्हती. फक्त विचारत होती की ठरवलं कोणी.

मी तिला काय सांगितलं? सांगितलं, “मोठ्या बाईंनी.” ती गेली आणि मी जिन्यात उभी राहून शाळेच्या नावाने मनसोक्त शिव्या घातल्या.

मेळाव्याची प्रस्तावना मात्र तांबोळी बाईंकडेच ठेवली होती. पाहुण्यांपुढे शुद्ध मराठीत दोन मिनिटं बोलायला त्या चालत होत्या. मला म्हणाल्या, “बरंच झालं. माइक हातात आला की सगळं सांगते. चिठ्ठ्या कुणाच्या होत्या, भूमिका कुणाला दिल्या, का दिल्या. नावं घेऊन.” त्यांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत. मी म्हटलं, “घ्या नावं. मी पहिल्या रांगेत बसून टाळी वाजवते.”

मेळाव्याच्या दिवशी आम्ही दोघी पडद्याच्या कडेला उभ्या होतो. सभागृह भरत होतं. बाईंनी माझा हात धरला आणि मागच्या रांगांकडे बोट केलं. मुक्ताई आणि रंगराव आले होते. मुक्ताईने सणाची साडी नेसली होती, केसांत गजरा. रंगरावांनी वॉचमनचा गणवेश काढून इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात मोबाइल धरून तो नीट चालतो ना, हे ते पुन्हा पुन्हा बघत होते. त्यांची मुलगी स्टेजवर येणार होती. आठ वर्षांत कधी आली नव्हती. शेजारच्या माणसालाही मुक्ताई काहीतरी हौसेने सांगत होती.

“शैलाताई,” बाई म्हणाल्या, “मी माइकवर बोलले तर हे दोघं ते सगळ्यांच्या देखत ऐकतील. की तुम्ही गप्प बसणारे, म्हणून तुमच्या पोरीला पोतं.”

“मग बोलू नका,” मी म्हटलं.

“आणि नाही बोलले तर?”

बाईंनी प्रस्तावनेचा कागद माझ्या हातात दिला आणि त्या पायऱ्या उतरून सरळ मागच्या रांगेकडे गेल्या. मी त्यांच्यामागे. त्यांनी दोघांना दाराबाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. काही गोड केलं नाही, काही गाळलं नाही. सोनूला कोणती चिठ्ठी निघाली होती, तिने काय ठराव केला, कोण तक्रार करत आलं, आणि ‘त्यांचे पालक काही तक्रार करत नाहीत’ हे वाक्य जसंच्या तसं. शेवटी म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं करू. तुम्हाला नाटक होऊ द्यायचं असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. तिचं काम ती चांगलं करील.”

रंगरावांनी हातातला मोबाइल खिशात ठेवला. मुक्ताई म्हणाली, “पोतं?”

“हो.”

“अन् माठ?”

“हो.”

ती वळली आणि आत गेली. मधल्या वाटेने, खुर्च्यांमधून, सगळे बघत असताना, स्टेजच्या बाजूच्या दारातून आत. बाहेर आली तेव्हा सोनू तिच्या हाताला होती, अंगात शाळेचा युनिफॉर्म, केसांत बारदानाचे धागे. मुख्याध्यापिका पहिल्या रांगेतून लगबगीने उठल्या. “अहो ताई, काय करताय? कार्यक्रम सुरू होतोय. नंतर बोलू आपण.”

तोवर रंगराव पुढे आले होते. त्यांनी हात जोडले, सवयीने. पण आवाज सभागृहाला ऐकू जाईल असा होता.

“मॅडम, आमची तक्रार हाये. ते कुठी द्याची?”

सुदर्शनराव खुर्चीत वळून बघत होते. अस्मिता मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. रंगरावांनी थोडा वेळ खरोखर उत्तराची वाट पाहिली. मग तिघं निघून गेली. प्रस्तावना कुणी केलीच नाही. नाटक झालं, एक हेलोट कमी होता, तो कुणाच्या लक्षातही आला नाही. सलिलचा लाल झगा फार छान दिसला म्हणे.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी होती. टाकीचं झाल्यावर अस्मिताने ‘सिक्युरिटी’ हा विषय घेतला. वॉचमन ड्युटीच्या वेळात गेट सोडून शाळेच्या कार्यक्रमाला गेला होता. रंगरावांनी सुट्टी मागितली होती आणि तिनेच तोंडी हो म्हटलं होतं, हे तिला आठवत नव्हतं. “धिस इज नॉट पर्सनल,” ती म्हणाली. “वी शुड डिसाइड डेमोक्रॅटिकली.”

मी उभी राहिले. म्हटलं, “मला बोलायचंय.”

चेअरमन म्हणाले, “मॅडम, आपण भाडेकरू ना?”

“भाडेकरू आहे, मुकी नाही.”

“सभेत बोलायचा अधिकार सभासदांना आहे. आपण बसून घ्या.”

मी बसले नाही. जे सांगायचं ते सांगितलं, शाळेपासून पोत्यापर्यंत. माझ्यावर लोक हसले नाहीत, चिडलेही नाहीत, ते त्याहून वाईट होतं. त्यांनी माझं बोलणं संपायची वाट पाहिली. मग चेअरमन म्हणाले, “आवाजी मतदान घेऊ?” आणि सगळे ‘मंजूर’ म्हणाले. चांगला मोठा आवाज झाला. खाली पार्किंगमध्ये रंगराव खुर्चीवर बसले होते, त्यांनाही तो ऐकू गेला असणार. खोली महिनाअखेर रिकामी करा, असं त्यांना संध्याकाळी कळवलं. मुक्ताईची त्या इमारतीतली सगळी घरं त्याबरोबर गेली. सुदर्शनराव निदान तोंडावर ओरडले होते. या लोकांनी नियम पाळून, इतिवृत्तात नोंद करून, समोसे खात हे केलं. आणि त्यातल्या निम्म्या फ्लॅटच्या दारावर ‘अतिथी देवो भव’ लिहिलंय.

रंगरावांना वाघोलीच्या पलीकडे एका बांधकामावर काम मिळालं. तिथून आमची शाळा म्हणजे बस बदलत अर्धा दिवस. तांबोळी बाईंनी तिकडच्या महापालिकेच्या शाळेत जाऊन सोनूचं बोलून ठेवलं. दाखल्यासाठी आमच्या ऑफिसात भांडायच्या तयारीने गेले मी, तर तो लगेच मिळाला. सोनूचा दाखला द्यायला आमच्या शाळेला कधी नव्हे ती घाई होती.

टेम्पो आला त्या सकाळी आम्ही दोघी गेलो. सामान असं काही नव्हतंच. सोनू पुस्तकांची गोणी ओढत होती, रंगराव गॅसची टाकी चढवत होते. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून कोणीतरी बघत होतं आणि आत गेलं.

तांबोळी बाई मला त्या दिवशी पहिल्यांदा मोडलेल्या दिसल्या. इतकी वर्षं ‘मूळच्या कुठल्या’ पचवलेली बाई ती. “मुक्ताई,” त्या म्हणाल्या, “मी गप्प बसले असते तर तुमचं घर राहिलं असतं. पोरीची शाळा राहिली असती. माझ्यामुळे झालं हे सगळं. मी सांगायलाच नको होतं.”

मुक्ताईने हातातलं पातेलं टेम्पोत ठेवलं. चिडली होती ती. बाईंवरच चिडली होती.

“काहून नको होतं? तुमी सांगतलं नसतं तं म्या तिथी बसून टाया वाजवल्या असत्या. माह्या पोरीले पोतं नेसवलं अन् म्या टाया वाजवल्या असत्या, बाई.”